नरपडचं इंजिन, डोंगराचा चढ

नरपडला एखाद्या बोटीचं इंजिन कुरकुरायला लागलं की लोक म्हणत, ‘देवजीला ऐकवा.’ दाखवा नव्हे, ऐकवा. कारण देवजी आधी झाकण उघडतच नसे. काठावर उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा, इंजिन पूर्ण जोरात पळवायला सांगायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा. त्याचं निदान सहसा चुकत नसे, आणि चुकलंच तर ते त्याला सांगायची कोणाची छाती नव्हती. माणूस मनाने वाईट नव्हता. पण जिभेला हाड नव्हतं आणि नाकावर माशी बसू देत नसे.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, वर्षाने, गंजाडच्या पलीकडच्या डोंगरातल्या वारली मुलाशी लग्न केलं. तुषार त्याचं नाव. पाड्यावरून गंजाड, डहाणू आणि बाजाराच्या दिवशी तलासरी अशी पॅसेंजर जीप चालवायचा. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, हे देवजीलाही कबूल होतं. पण आपण दर्यावरची माणसं, मुलगी द्यायची ती किनाऱ्यावर आणि आपल्या जातीत, एवढं एकच त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. तो लग्नाला गेला नाही. नंतरही गेला नाही. बायको, दक्षा, अधूनमधून सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन एसटीने गंजाडला जायची आणि घरात सांगायची, ‘बहिणीकडे जाऊन येते.’ तिला बहीण नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात देवजीला एवढी माहिती नक्कीच झाली होती. तरी तो नुसता ‘हं’ म्हणायचा, आणि पिशवी हलकी दिसली तर बोंबलांच्या आणखी दोन मुठी टाकायचा.

एकदा दक्षा अशीच ‘बहिणीकडून’ आली ती तोंड पाडून. जेवण वाढताना भिंतीकडे बघून म्हणाली, “जीपचं इंजिन जाम झालं म्हणे. ऑइल गळून गेलं, कळलंच नाय. गाडी अंगणात उभी हाय.”

भिंत काही बोलली नाही. देवजीही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो वापीच्या भंगारबाजारात दिसला. अपघातात चेपलेल्या तसल्याच एका जीपचं इंजिन त्याने हाताने फिरवून, नाक लावून, पारखून उचललं आणि टेम्पोत घालून नरपडला आणलं. शेडमध्ये ते पार नटबोल्टापर्यंत खोललं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, आणि पितळेच्या तांब्यासारखं लख्ख केलं. मग दक्षाला म्हणाला, “तुझ्या त्या बहिणीला सांग. गाडी ओढून आणा म्हणावं.”

तुषार जीप ओढून घेऊन आला. इंजिन बसेपर्यंत सासरा-जावई एकाच गाडीखाली पाठीवर पडून होते, पण बोलणं पान्याच्या नंबरापलीकडे गेलं नाही. देवजी त्यालाही सरळ काही सांगायचा नाही, गाडीलाच सांगायचा. ‘हिला आता थोडं वर उचलायला पाहिजे,’ असं तो म्हणाला की तुषार जॅक लावायचा. शेवटी इंजिन सुरू झालं. देवजीने डोळे मिटले, गाडी पूर्ण रेस करायला लावली आणि डिझेल पंप आपल्याकडे किंचित किंचित वळवत, धूर साफ होईपर्यंत त्याचं टायमिंग, म्हणजे डिझेल कधी फवारायचं ती वेळ, लावलं. त्याच्या उस्तादाने त्याला असंच शिकवलं होतं आणि बंदरातल्या निम्म्या बोटी त्याच कानावर चालत होत्या.

ट्रायल घेतली ती नरपड ते झाई, समुद्राच्या कडेकडेने. रस्ता तळहातासारखा सपाट. गाडी अशी पळाली की बोर्डीच्या सुरूची झाडं मोजता येईनात. देवजीची छाती शर्टात मावेना. परत आल्यावर तुषार पाया पडायला वाकला, नेमका तेव्हाच देवजी टायरची हवा बघायला वाकला, आणि दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

“मामा, घरी या एकदा,” तुषार म्हणाला.

“इंजिन नीट चाललं की बघू,” देवजी टायरला म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याला जायचं होतं. मुलीचं घर कसं आहे, अंगणात काय लावलंय, ती चूल पेटवते की गॅस, हे सगळं बायकोच्या तोंडून भिंतीमार्फत ऐकून तो कंटाळला होता. पण ज्या दारात लग्नाच्या दिवशी गेलो नाही, तिथे आता रिकाम्या हाताने आणि रिकाम्या तोंडाने कसं जायचं? इंजिन ही त्याने त्या घराला दिलेली पहिली वस्तू होती. ते तिथे रोज धडधडत राहिलं की एक दिवस तोही मागोमाग जाणार होता. एवढा हिशेब त्याने मनाशी केला होता आणि कोणालाही सांगितला नव्हता.

आणि मग वर्षाचा फोन आला.

“बाबा, सपाटीला वाऱ्यासारखी जाते. पण पाड्याच्या चढाला दमच नाय. पिकअपच घेत नाय. सगळ्यांना उतरून चालावं लागतं.”

देवजीने आधी चालवणाऱ्याला दोष दिला. मग क्लचला. मग पंपावरच्या भेसळीच्या डिझेलला. मग म्हणाला, गाडी इकडे आण. त्यावर तुषार फोनवर आला आणि हळूच म्हणाला, “मामा, तिकडं आणून काय उपयोग? तिकडं चढ कुठं हाय? बिघाड चढावरच दिसतो.”

देवजीने फोन बायकोच्या हातात दिला आणि शेडमध्ये निघून गेला. पण बाजारात गोष्टी पसरायला पाय लागत नाहीत. डहाणूला मासळी घेऊन जाणाऱ्या बायकांनी बातमी आणली, की डोंगरातली माणसं म्हणतात, सासऱ्याने मुद्दाम खराब इंजिन देऊन जावयाला चांगला धडा शिकवला. हे ऐकून मात्र त्याने हातातला पाना खाली ठेवला. पाड्यावर वर्षालाही हेच ऐकावं लागत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन गंजाडच्या एसटीत बसला.

तुषार त्याला घ्यायला आला होता. गाडी चढाच्या पायथ्याशी आली आणि आतले सगळे पॅसेंजर, कोणी काही न सांगता, शेवटचा स्टॉप आल्यासारखे उतरले. बायकांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि चालायला लागल्या. इतकी त्यांना सवय झाली होती. देवजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मामा, वर घर हाय. आधी चहा घ्या, मग बघू,” तुषार म्हणाला.

“या इंजिनावर बसून वर येईन,” देवजी म्हणाला. “पायी नाय येणार.”

झालं. एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. तो दिवसभर त्या पायथ्याशी, करंजाच्या झाडाखाली राबला. वर्षा वरून भाकरी आणि वालाचं कालवण घेऊन खाली आली, आणि बापलेक रस्त्याच्या कडेला दगडावर बसून जेवले. घर वर दिसत होतं. लाल कौलं, दारात पिवळी बादली. देवजी तिकडे पाठ करून बसला होता.

त्याने एकेका भागाची उलटतपासणी घेतली. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी बंद पडलं. म्हणजे क्लच घसरत नव्हता, बिचारा उगाच बदनाम झाला होता. गाडी थोडी पळवून चारही चाकांना हात लावला, थंडगार. म्हणजे ब्रेक चाकांना घासत नव्हते. हवेचा फिल्टर काढून चालवून बघितलं, फरक नाही. डिझेलचा फिल्टर नवा. पाइपात हवा होती का, तेही बघितलं; नव्हती. सायलेन्सर तुंबलाय का म्हणून मागे तळहात धरला, तर धुराने हात बाजूला ढकलला. सगळे आरोपी सुटले. उरला तो इंजिनात हात घालणारा माणूस. देवजीला हे दिसत होतं, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी त्याची गत. इंजिन त्याने जागेवरच पूर्ण रेस करून पुन्हा पुन्हा ऐकलं. धूर साफ, ठोका साफ, काही म्हणजे काही चूक नाही. दिवस कलल्यावर तो वर न जाताच परतीच्या एसटीत बसला. वर्षा स्टॉपवर उभी होती. तिने हत्यारांची पिशवी खिडकीतून त्याच्या हातात दिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पुन्हा आला. या खेपेला तलासरीहून बाजार करून येणारी भरलेली जीप त्याने वाटेत पकडली. पुढच्या सीटवर पाड्यावरची म्हातारी गंगी होती, मांडीवर दोन कोंबड्या घेऊन. ती सरकली आणि त्याला जागा दिली.

“तुमचा इंजिन पाण्यातला, भाऊ,” ती म्हणाली. “पाण्यात पोहायचा असतो. चढायचा त्याला कोणी शिकवला?”

मागचे हसले. देवजीने एरवी हिशेब चुकता केला असता, पण आज त्याचा कान इंजिनावर होता. पायथा आला. लोक सवयीने उतरायला लागले, तेव्हा तो म्हणाला, “कोणी उतरू नका. आहे तशी वर घे.”

तुषारने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि गाडी चढावर घातली. दुसरा गिअर, मग पहिला. गाडी माणसांनी, तांदळाच्या गोण्यांनी आणि गंगीच्या कोंबड्यांनी खच्चून भरलेली. इंजिनाचा वेग उतरत गेला आणि देवजीने डोळे मिटून कान खाली पायापाशी नेला. तेव्हा त्याला तो आवाज आला. टक, टक, टक. बंद डब्यात खडे हलवल्यासारखा. गाडी आणखी चार हात चढली, थरथरली आणि बंद पडली.

हा आवाज देवजीने आयुष्यात ऐकला नव्हता. आणि का ऐकला नव्हता, ते त्याला तिथेच, त्या बंद पडलेल्या गाडीत बसल्या बसल्या कळलं. बोट सावकाश चालते तेव्हा तिच्या पंख्यावर जोरच नसतो. जसा वेग वाढवाल, तसं पाणी जड होत जातं. म्हणजे बोटीच्या इंजिनाला सगळा भार पेलायचा तो पूर्ण वेगात. आणि इथे डोंगरात सगळं उलटं. वेग मरतोय आणि भार मात्र डोक्यावर पुरता. त्याने पंपाचं टायमिंग लावलं होतं पूर्ण वेगाला. वेगात डिझेल जरा आधीच पेटावं लागतं, म्हणून तिथे ते बरोबर होतं. पण सावकाश चालताना तेच डिझेल फार आधी पेटत होतं. पिस्टन अजून वर येतोय, तोच त्याच्या टाळक्यात हाणत होतं. इंजिन गाडी ओढायचं सोडून स्वतःशीच मारामारी करत होतं. झाईच्या सपाट रस्त्यावर हे कधीच कळलं नसतं. उभ्या जन्मात त्याने भरलेली गाडी चढावर ऐकली नव्हती.

“मागे घे,” तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की तुषारला पुन्हा विचारावं लागलं.

गाडी उताराने मागे आली. चाकांमागे दगड लागले, बॉनेट उघडलं. लोक झाडाखाली बसले. इंजिन बंद पडल्याचं वरून ऐकून वर्षा कळशी घेऊन खाली आली होती, ती सगळ्यांना पाणी देत होती. देवजीने पंपाचे नट सैल केले आणि पंप आपल्यापासून दूर, केसभर, उलटा फिरवला. भरल्या गाडीने चढ घेऊन बघितला. टकटक कमी झाली, गाडी अर्ध्यावर गेली. पुन्हा मागे. पुन्हा केसभर. या खेपेला गाडी वळणापर्यंत गेली. गाडी पुन्हा पायथ्याशी आली, आणखी एक केस. या वेळी नट आवळण्याआधी त्याने हात थांबवला. पंपाच्या खालच्या बाजूला ग्रीसचा जाड थर होता. आपण इंजिन दिलं ते लख्ख, मग ही घाण आली कुठून म्हणून त्याने चिंधीने ती पुसली.

ग्रीसखाली पांढऱ्या रंगाची एक रेघ होती. अर्धी पंपावर, अर्धी इंजिनाच्या अंगावर. आणि आता, त्याने कानाने केसाकेसाने पंप फिरवल्यावर, त्या दोन अर्ध्या रेघा समोरासमोर येऊन अगदी एक झाल्या होत्या.

देवजीने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “ही खूण कोणाची?”

तुषारने टायरकडे बघितलं. वर्षा कळशीत बघू लागली.

“मी विचारतोय.”

“नविनभाईची,” तुषार म्हणाला. “तलासरीला हायवेवर गॅरेज हाय त्याचं. त्यानं बघितलं होतं. म्हणाला, पंप पुढं लागलाय, इथपर्यंत मागं घ्यायला पाहिजे.”

“कधी?”

“तुमच्याकडून गाडी आणली, त्याच आठवड्यात.”

देवजीने चिंधी खाली आपटली. “म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि मी इथे माकडासारखा गाडीच्या वर-खाली नाचतोय. तुम्ही दोघं काय, मजा बघत होता माझी?”

“बाबा,” वर्षा म्हणाली.

“तू थांब. मला याच्याकडून ऐकायचंय. नुसता पाना फिरवायचा होता. त्याला करू का नाय दिलंस?”

तुषारने हाताला लागलेलं काळं पँटला पुसलं. “तो करतच होता. मीच धरला त्याचा हात. त्यानं केलं असतं तर गाडी चढली असती, मामा. मग तुम्ही कशाला आला असता?”

झाडाखालचे लोक माना वळवून बघायला लागले. गंगीची कोंबडी तेवढी कुरकुरत होती.

“लोक हसत होते तुला,” देवजी म्हणाला.

“हसू दे. इंजिनाला मात्र मी नावं ठेवली नाय. मी सांगायचो, इंजिन चांगलं हाय, मलाच अजून हात बसला नाय त्याचा.”

देवजीला आयुष्यात पुष्कळदा राग आला होता आणि तो रागाला कधी घाबरला नव्हता. पण आता त्या रागाच्या जागी जे काही आलं, ते कसं धरायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. हा मुलगा रोज या चढावर भरली गाडी रिकामी करत होता. गिऱ्हाइकं दुसऱ्या जीपकडे जात असणार, घरात आई बोलत असणार, आणि हा पांढऱ्या रेघेवर ग्रीस फासून आपली वाट बघत होता. आपल्याला लाज वाटू नये म्हणून त्याने स्वतःची ड्रायव्हरकी बदनाम करून घेतली होती. देवजीला लाज वाटली ती आता वाटली, आणि पोटभर वाटली. त्याने मान खाली घातली आणि नट आवळत राहिला, आवळून झाले तरी आवळत राहिला.

“आता चढते, का आम्ही आपल्या पायांनी जाऊ?” गंगीने झाडाखालून विचारलं.

“चढते,” देवजी म्हणाला. “बसा सगळे. तुषार, ने यांना.”

“आणि तुम्ही?”

“मी येतो चालत.”

तुषार काहीतरी म्हणणार होता, पण वर्षाने डोळ्यांनी त्याला थांबवलं. गाडी भरली, टपावरच्या गोण्यांसकट. पायी येणार नाही म्हणणारा देवजी वर्षाबरोबर रस्त्याच्या कडेने चालायला लागला. गाडी मागून आली, त्यांच्या शेजारून पुढे गेली आणि वळणाच्या तोंडाशी, जिथे चढ सगळ्यात उभा होता, तिथे तिचा वेग मेला. देवजी थांबला. त्याने डोळे मिटले. इंजिनाने खाली, अगदी खाली जाऊन भार उचलला, आवाज जाड झाला, टकटक आली नाही, आणि तो जाड आवाज एका लयीत वर वर जात वळणापलीकडे गेला. त्याने डोळे उघडले तेव्हा वर्षा त्याच्याकडे बघत होती. लहानपणी बंदरावर धरायची तसा तिने त्याचा हात धरला. दोघं चालत राहिले.

वरचं अंगण शेणाने नुकतंच सारवलेलं होतं. तुषारची आई, तुळशी, दारात उभी होती. तिने या व्याह्यापुढे पाण्याचा तांब्या केला आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. देवजी अंगणाच्या कडेला, बाहेरच्या बाजेवर टेकला. तुषार गाडी लावून, हात धुऊन आला.

“पुढच्या वेळी,” देवजी म्हणाला, “इंजिन बिघडलेलं ठेवू नकोस. नुसतं ‘या’ म्हणायचं.”

“म्हटलं होतं, मामा,” तुषार शांतपणे म्हणाला. “लग्नाला म्हटलं. हे घर शाकारलं तेव्हा म्हटलं. नरपडला, गाडी घेऊन निघताना म्हटलं.”

ते खरं होतं. देवजीने मान हलवली.

“परत एकदा म्हण,” तो म्हणाला.

तुषार दोन पावलं पुढे आला. “या मामा,” तो म्हणाला. “आत या.”

देवजी बाजेवरून उठला, दाराशी चपला काढल्या आणि आत गेला.